पवनचक्कीपर्यंतची होडी

१९९१ साली रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात मी पहिल्यांदा एका ट्रॉलरचे कर्ज मंजूर केले, तेव्हा मला होडीतले काहीही कळत नव्हते. मी पुण्याच्या पेठेत वाढलेला माणूस. पाण्याशी संबंध आला तो पानशेतच्या पुराच्या घरगुती गोष्टींपुरता. बँकेने फील्ड ऑफिसर म्हणून कोकणात पाठवले, म्हणून गेलो. कर्जदार नाखवा साठीला आलेला होता. अर्ज त्याच्या नावावर होता, पण बोलत होता मुलगा. मुलाला मोठे इंजिन हवे होते. होडी लवकर मासळीवर पोचेल, लवकर परत येईल, फेऱ्या वाढतील, हप्ते वेळेवर जातील, असे त्याचे गणित होते आणि कागदावर ते बिनचूक दिसत होते. म्हातारा कोपऱ्यात बसून ऐकत होता. निघताना एवढेच म्हणाला, ‘‘सायेब, होडी बंदरात हुबी ऱ्हायली तरी खाते. आणि जोरात धावली म्हणून मासळी काय जास्त देत नाय.’’

मी सही केली. तीन हंगामांत खाते थकले. होडी खरोखरच जोरात धावत होती, पण बंदरात आल्यावर भाव सगळ्यांना तोच मिळत होता आणि वाचलेला वेळ बर्फाच्या आणि डिझेलच्या रांगेत जात होता. वसुलीसाठी त्या घराच्या ओट्यावर बसून मी चहा प्यायलो आहे. तो चहा अजून आठवतो.

तीस-बत्तीस वर्षांनी, २०२३ च्या शरद ऋतूत, म्हाताऱ्याचे ते वाक्य मला इंग्लंडच्या पूर्व किनाऱ्यावर ग्रिम्स्बी बंदरात आठवले. माझी मुलगी हंबर नदीच्या पलीकडे हल शहरात डॉक्टर आहे. तिच्याकडे गेलो की दिवसभर घरात बसून काय करायचे, म्हणून मी आसपासची गावे पाहत हिंडतो. ग्रिम्स्बीला गेलो होतो ते मासळीसाठी. एकेकाळी जगातल्या सर्वांत मोठ्या मासेमारी बंदरांत त्याची गणना होई. मग आइसलँडने आपली सागरी हद्द आधी बारा, मग पन्नास आणि शेवटी दोनशे मैलांपर्यंत वाढवली, त्यावरून ब्रिटनशी झगडे झाले, आणि १९७६ मध्ये तो वाद संपला तेव्हा ग्रिम्स्बीच्या ट्रॉलरांना जायला जागाच उरली नव्हती. १८५२ साली बांधलेला ३०९ फुटी डॉक टॉवर अजून उभा आहे, पण त्याच्या पायथ्याशी आता मासेमारीच्या होड्यांऐवजी वेगळ्याच बोटी दिसतात. जोडहोडीसारख्या दोन पोटांच्या, ॲल्युमिनियमच्या, नाकाला जाड रबर लावलेल्या. पहाटे त्या माणसे घेऊन समुद्रात जातात आणि संध्याकाळी माणसे घेऊन परत येतात. मासे आणत नाहीत. त्या पवनचक्क्यांची देखभाल करणाऱ्या तंत्रज्ञांच्या बोटी.

समुद्रातली जगातली पहिली पवनचक्क्यांची वसाहत डेन्मार्कमध्ये व्हिंडेबी इथे उभी राहिली तीही १९९१ मध्येच, म्हणजे मी ट्रॉलरच्या कागदांवर सही करत होतो त्याच वर्षी. अकरा चक्क्या, प्रत्येकी ४५० किलोवॅटची. २०१७ मध्ये ती मोडीतही निघाली. तिच्या मानाने आज ग्रिम्स्बीहून ज्यांची देखभाल चालते त्या वसाहती म्हणजे शहरे आहेत. हॉर्नसी एकमध्ये ७ मेगावॅटच्या १७४ चक्क्या, हॉर्नसी दोनमध्ये ८ मेगावॅटच्या १६५. या चक्क्या एकदा उभ्या केल्या की वारा फुकट आणि वीज फुकट, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. माझीही होती. पण खाऱ्या हवेत फिरणारे ते यंत्र आहे, आणि यंत्राला माणूस लागतो. डेन्मार्कच्याच हॉर्न्स रेव्ह वसाहतीचे उदाहरण बोलके आहे. २००२ मध्ये तिथे ८० चक्क्या उभ्या केल्या आणि २००४ मध्ये ट्रान्सफॉर्मर आणि जनरेटरच्या बिघाडांमुळे ऐंशीच्या ऐंशी चक्क्यांची माथ्यावरची यंत्रघरे उतरवून किनाऱ्यावर दुरुस्तीला आणावी लागली. जमिनीवर हेच काम जीप घेऊन गेलेला फिटर करतो. समुद्रात त्या जीपची जागा बोट घेते, आणि मग सगळा हिशेबच बदलतो.

या बोटींची कार्यक्षमता वाढवा, डिझेल वाचवा, धूर कमी करा, असा आग्रह युरोपात गेली काही वर्षे चालू आहे. स्वच्छ विजेची राखण करायला धूर ओकणाऱ्या बोटी जाव्यात हे दिसायलाही बरे दिसत नाही. पण कार्यक्षमता म्हणजे नेमके काय, हा प्रश्न मला बँकेच्या सवयीने पडतो. मैलाला किती डिझेल जळले, हे एक माप झाले. मला ते अपुरे वाटते. बोट काही मैल विकत नाही. ती विकते तंत्रज्ञाचा चक्कीवरचा तास. तेव्हा डिझेल भागायचे ते त्या तासांनी.

हिशेब साधा आहे. ८ मेगावॅटची एक चक्की भरवाऱ्यात दिवसभर फिरली तर १ लाख ९२ हजार युनिट वीज देते. वारा नेहमी भरात नसतो म्हणून निम्मीच धरू, ९६ हजार युनिट. महिन्याला दोनशे युनिट वापरणारी आपल्याकडची ४८० घरे त्यात महिनाभर चालतील. ही एका चक्कीची एका दिवसाची गोष्ट. आता एका क्रू बोटीने जाऊन-येऊन दोन हजार लिटर डिझेल जाळले असे समजा. लिटरमध्ये दहा युनिटांच्या आसपास उष्णता असते, म्हणजे वीस हजार युनिट. बंद पडलेली एक चक्की एक दिवस आधी सुरू झाली तरी बोटीचे डिझेल चौपटीहून जास्त वसूल होते. मग डिझेलची चिंता कशाला? चिंता यासाठी की कित्येकदा बोट जाते, डिझेल जळते, आणि चक्कीला हातही न लावता परत येते.

ही गोष्ट मला ग्रिम्स्बीच्या धक्क्यावर भेटलेल्या एका बोटीच्या कप्तानाने समजावून सांगितली. त्याचे वडील आइसलँडच्या पाण्यात ट्रॉलरवर होते. मी मासेमारीच्या होड्यांना कर्जे देत असे हे ऐकल्यावर तो जरा मोकळा झाला. (बँकेत होतो एवढेच सांगितले असते तर कदाचित झाला नसता.) चक्कीच्या पिवळ्या खांबाला दोन उभे नळ असतात आणि त्यांच्यामध्ये शिडी. कप्तान बोटीचे रबरी नाक त्या नळांना भिडवतो आणि इंजिने जोरात लावून दाबून धरतो. रबर आणि नळ यांच्या घर्षणाने बोटीचे नाक क्षणभर वरखाली व्हायचे थांबते. तेवढ्यात तंत्रज्ञाने पट्टा अडकवायचा आणि डेकवरून शिडीवर पाऊल टाकायचे. लाटा दीड मीटरच्या वर गेल्या की साधारणपणे हे काम थांबते. आणि हा दीड मीटर म्हणजे सर्वांत मोठी लाट नव्हे. येणाऱ्या लाटांपैकी सर्वांत उंच एक-तृतीयांश लाटांची ती सरासरी असते. म्हणजे त्याच समुद्रात अधूनमधून जवळपास दुप्पट उंचीची लाट येऊ शकते, आणि ती नेमकी पाय उचलला असताना आली तर काय, हे सांगायला नको.

यात निसर्गाची एक खोच आहे. वारा आणि लाट ही सख्खी भावंडे. ज्या दिवसांत चक्की सर्वांत जास्त कमावते, त्याच दिवसांत तिच्यापर्यंत जाता येत नाही. हिवाळ्यात एखादी चक्की बंद पडली तर कधी कधी आठवडा-आठवडा समुद्र माणसाला शिडीजवळ येऊ देत नाही, आणि तेवढे दिवस तिच्यासमोरून फुकटचा वारा वाहून जातो. म्हणून नेमाची देखभाल उन्हाळ्यात, वारा पडलेला असताना उरकतात. पण बिघाड पंचांग बघून येत नाहीत. तेव्हा बोटीची सर्वांत मोठी उधळपट्टी ही तिच्या इंजिनात नसून वाया गेलेल्या फेरीत आहे. उद्या सकाळी नऊ वाजता अमुक चक्कीपाशी लाट किती असेल, ती कोणत्या दिशेने आणि किती सेकंदांनी येईल, हे आज संध्याकाळी बिनचूक कळले तर जितके डिझेल वाचेल तितके नवे इंजिन बसवूनही वाचायचे नाही. म्हणून आता समुद्रात लाटा मोजणारे बोये असतात, बोटींवर हेलकावे नोंदवणारी यंत्रे असतात, आणि कोणत्या बोटीने किती लाटेत माणसे सुखरूप चढवली याचा इतिहास ठेवला जातो. बोटीचे पासबुकच म्हणा ना.

आता वेगाकडे येतो, कारण माझे पाप तिथे आहे.

पाण्यात वेग महाग पडतो हे शास्त्रशुद्ध रीतीने मांडणाऱ्यांत विल्यम फ्रूड या इंग्रज इंजिनियरचे नाव पहिले घ्यावे लागते. १८६० च्या दशकात त्याने दोन आकारांची लहान-मोठी बोटुकली करून डार्ट नदीत ओढून पाहिली. टोकदार नाकाचे ते ‘रेव्हन’ आणि फुगीर नाकाचे ते ‘स्वान’, म्हणजे कावळा आणि राजहंस. पुढे टॉर्की इथे त्याने नमुने ओढून बघण्यासाठी एक लांबलचक हौद बांधला. आज जगभर जहाज बांधण्याआधी त्याचा नमुना हौदात ओढतात ते त्याच्या मार्गाने. २०१५ मध्ये पवनचक्क्यांच्या देखभालीसाठी म्हणूनच बांधलेल्या पहिल्या मोठ्या डॅनिश जहाजांपैकी एकाला ‘एस्वाग्ट फ्रूड’ हे नाव दिले गेले, हे मला आवडले. ढोबळ नियम असा की पाणी कापत जाणाऱ्या जहाजाला लागणारी ताकद वेगाच्या घनाने वाढते. वेग पंचवीस नॉटवरून वीसवर आणला, म्हणजे पाचवा हिस्सा कमी केला, की ताकद निम्म्यावर येते. प्रवासाला वेळ जास्त लागतो तो धरूनही फेरीमागे तिसरा हिस्सा डिझेल वाचते. हलक्या दोन पोटांच्या बोटींना हा नियम इतका कडक लागू होत नाही, त्या थोड्या पाण्यावरून सरकतात. पण दिशा तीच.

मग सगळ्या बोटी सावकाश का जात नाहीत? कारण बोटीत बारा माणसे बसलेली असतात. (बाराच, कारण त्याहून जास्त प्रवासी घेतले की नियमांच्या दृष्टीने ती प्रवासी जहाज ठरते आणि वेगळे कायदे लागू होतात. अलीकडे चोवीस माणसांच्या बोटींसाठी ब्रिटनमध्ये वेगळी नियमावली झाली आहे.) चाळीस सागरी मैलांच्या अंतराला पंचवीस नॉटने ९६ मिनिटे लागतात आणि वीस नॉटने १२०. जाऊन-येऊन ४८ मिनिटांचा फरक. बारा माणसांचे मिळून जवळजवळ दहा तास दररोज समुद्रात जायचे. ही माणसे महाग आहेत, प्रशिक्षित आहेत, आणि त्यांची पाळी बारा तासांची ठरलेली आहे. डिझेलचा हिशेब करणारा म्हणतो सावकाश जा, तासांचा हिशेब करणारा म्हणतो जोरात जा. तिसराही एक हिशेब आहे. पंचवीस नॉटने लाटांवर आपटत गेलेला तंत्रज्ञ अर्धा तास आधी पोचतो खरा, पण पोटातले बाहेर काढून पोचतो. त्याच्या हातून नट-बोल्टचे काम कसे होणार? वाचवलेला अर्धा तास तो शिडीच्या वरच्या फलाटावर डोके धरून बसण्यात घालवणार. रत्नागिरीच्या मुलाच्या हिशेबात ही रकाना नव्हती. माझ्याही नव्हती.

अंतर वाढले की मात्र या वादाला अर्थच उरत नाही. हॉर्नसी एक किनाऱ्यापासून सुमारे १२० किलोमीटर आहे, म्हणजे ६५ सागरी मैल. वीस नॉटने जायला सव्वातीन तास, यायला सव्वातीन. बारा तासांच्या पाळीतले साडेसहा तास समुद्र पाहण्यात! म्हणून दूरच्या वसाहतींसाठी आता राहती जहाजे असतात. हे जहाज दोन-दोन आठवडे चक्क्यांमध्येच मुक्कामाला असते. साठ-सत्तर माणसांना झोपायला खोल्या, जेवणघर, व्यायामशाळा, सुट्या भागांचे कोठार असा सगळा संसार बरोबर. पहिल्यांदा ऐकले तेव्हा मला ही चैन वाटली. दिवसाला एवढे मोठे जहाज पोसायचे आणि म्हणे काटकसर! पण वर सांगितलेल्या मापाने मोजले की चित्र उलटते. दहा मिनिटांत माणूस कामावर पोचतो. डिझेल जहाज जास्त खाते, पण चक्कीवरच्या तासाला वाटून पाहिले तर स्वस्त पडते. बँकेतही आम्ही हे पाहिले आहे. तालुक्याच्या गावाहून रोज जीपने जाऊन खेड्यांत काम करणारा अधिकारी आणि खेड्यातच राहणारा अधिकारी यांच्या कामात किती फरक असतो ते ज्याने दोन्ही केले त्यालाच माहीत.

या जहाजांवरून माणूस शिडी चढत नाही, पुलावरून चालत जातो. त्या पुलाची गोष्ट सांगण्यासारखी आहे. २००२ मध्ये बर्लिनमध्ये पवन ऊर्जेच्या एका परिषदेला गेलेल्या डच इंजिनियरांना कल्पना सुचली की विमानचालकांना शिकवण्यासाठी जे सहा दट्ट्यांवर डोलणारे यंत्र असते, ते उलटे वापरले तर? तिथे स्थिर जमिनीवर खोली डोलवतात. इथे डोलणाऱ्या डेकवर फलाट स्थिर ठेवायचा. बोट जिकडे जाईल त्याच्या उलट दट्टे सरकवायचे. डेल्फ्टच्या विद्यापीठातून २००८ मध्ये त्याची कंपनी निघाली आणि तिला नाव दिले बर्लिनच्या सिग्नलवरच्या छोट्या माणसाचे, ‘ॲम्पेलमान’. अशा पुलांमुळे अडीच-तीन मीटर लाटांतही माणूस चक्कीवर जाऊ लागला. वर्षातले कामाचे दिवस वाढले, वाया जाणाऱ्या फेऱ्या घटल्या. या पुलाकडे आपण सुरक्षेचे साधन म्हणून पाहतो, पण काटकसरीचे इतके मोठे साधन दुसरे नसेल.

सुरक्षा आणि काटकसर यांची अशी गाठ नेहमी पडतेच असे नाही, म्हणून थोडे थांबून लिहितो. समुद्रात बोटीचा प्रवास त्या मानाने सोपा असतो. कठीण असते ते जवळ जाणे. मुंबईकरांना २६ जुलै २००५ चा पाऊस आठवतो. त्याच्या दुसऱ्या दिवशी, २७ जुलैला, मुंबई हायच्या उत्तर फलाटापाशी ‘समुद्र सुरक्षा’ हे जहाज आले होते. जहाजावरच्या स्वयंपाक्याच्या बोटांना इजा झाली होती, खराब हवेमुळे हेलिकॉप्टर मिळत नव्हते, म्हणून त्याला क्रेनने फलाटावर उचलून घ्यायचे होते. लाटांनी जहाज फलाटावर ढकलले गेले, ते वायूच्या नळाला धडकले, आणि उसळलेल्या आगीत दोनेक तासांत सगळा फलाट गेला. बावीस माणसे गेली. एका माणसाला जहाजावरून फलाटावर नेण्याचे, काही मिनिटांचे काम होते ते. तेलाचा फलाट आणि पवनचक्की यांत फरक पुष्कळ, चक्कीत पेटायला वायू नाही. पण डोलणारे जहाज आणि न हलणारा खांब यांच्यातले ते दोन-चार फूट सगळीकडे सारखेच असतात. बोटीच्या खर्चात कुठे कात्री लावायची याची चर्चा चालते तेव्हा त्या दोन-चार फुटांपाशी कोणी कात्री आणू नये, असे मला वाटते. ग्रिम्स्बीचा कप्तान म्हणाला की मी बोट मागे घेतली तर का घेतली असे आमच्याकडे विचारत नाहीत. विचारायला लागले तर मी नोकरी सोडेन.

मग कात्री लावायची कुठे? जागा आहेत. राहते जहाज चक्कीपाशी उभे असते तेव्हा नांगर टाकत नाही. थ्रस्टर म्हणजे आडवे पंखे चालवून, उपग्रहावरून आपली जागा बघत, ते वारा आणि प्रवाहाविरुद्ध एका ठिकाणी तरंगत राहते. पुलावर माणूस असताना एखादे इंजिन बंद पडले तर अनर्थ, म्हणून एक पुरे असताना दोन किंवा तीन इंजिने चालू ठेवावी लागत. प्रत्येक कमी भारावर, धुमसत, जास्तीचे डिझेल खात. सिग्नलला उभ्या असलेल्या ट्रकांची रांगच. आता तिथे मोठी बॅटरी बसवतात. इंजिन बंद पडलेच तर बॅटरी त्या क्षणी भार उचलते, म्हणून राखीव इंजिन बंद ठेवता येते. बॅटरीने जहाज चालवलेच पाहिजे असे नाही. ती नुसती जामीन राहिली तरी व्याज वाचते. क्रू बोटींचेही तेच. माणसे सोडून झाल्यावर दिवसभर त्या चक्क्यांमध्ये रेंगाळत थांबतात, आणि त्या रेंगाळण्यात इंजिनांचे तास भरत राहतात. म्हातारा म्हणाला होता तसे, उभी होडीही खाते. तिथे लहान बॅटरी किंवा चारपैकी दोन इंजिने बंद ठेवण्याची सोय कामाला येते. माणसे सोडण्याचा क्रमही महत्त्वाचा. सहा चक्क्यांवर सहा जोड्या सोडायच्या, भरतीचा प्रवाह अमुक दिशेने, एका ठिकाणी जड पेटी उतरवायची, एका ठिकाणी दोनच तासांचे काम. आमच्या करन्सी चेस्टची गाडी पाच शाखांना रोकड वाटायला निघे तेव्हा क्रम चुकला की दिवस वाया जाई. तेच हे, फक्त रस्ता हलता.

पण या बोटींखालून समुद्रतळाच्या केबलमधून हजार मेगावॅट वीज वाहते आणि वर बोट डिझेल जाळते, हे विहिरीच्या काठावर टँकरची वाट पाहण्यासारखे झाले. त्यावर काम चालू आहे. चक्कीवरून किंवा समुद्रातल्या बोयावरून केबल सोडून बोट चार्ज करण्याच्या चाचण्या झाल्या आहेत. २०२२ मध्ये हायड्रोजन आणि डिझेल मिसळून चालणारी ‘हायड्रोकॅट ४८’ ही क्रू बोट डच कंपनीने आणली. बिबी मरीन या ब्रिटिश कंपनीने २०२४ मध्ये स्पेनमधल्या एका जहाज कारखान्याकडे मुख्यतः बॅटरीवर चालणाऱ्या राहत्या जहाजाची मागणी नोंदवली. तंत्र आहे. मग बंदरात पाहावे तर बहुतेक बोटी अजून डिझेलच्याच का?

इथे मला माझी जुनी खुर्ची आठवते. बोट एकाची, ती भाड्याने घेतो दुसरा. भाडेकराराच्या रूढीप्रमाणे बोटीचा हप्ता भरतो मालक आणि डिझेलचे बिल भरतो भाडेकरू. बॅटरीसाठी पैसे घालायचे मालकाने आणि वाचलेले डिझेल जाणार भाडेकरूच्या खिशात. घरमालक गीझर घेतो तो स्वस्तातला, कारण विजेचे बिल भाडेकरूचे. आपल्याकडच्या कुठल्याही चाळीत हे कळते. त्यात लहान क्रू बोटींची भाडी एखाद्या हंगामाची, फार तर थोड्या वर्षांची. कोणता बँकवाला त्या भरवशावर पंधरा वर्षे चालणाऱ्या यंत्राला कर्ज देईल? मी दिले नसते. याउलट डॉगर बँक या प्रचंड वसाहतीसाठी ॲबर्डीनच्या नॉर्थ स्टार कंपनीला राहत्या जहाजांचे करार मिळाले ते दहा-दहा वर्षांचे. असा करार टेबलावर असला की चांगल्या यंत्राला पैसा मिळतो. तेव्हा बोटी सुधारायच्या असतील तर इंजिनच्या खोलीत शिरण्याआधी कराराची कागदे वाचावीत. डिझेलचे बिल आणि बॅटरीचा हप्ता एकाच्याच नावावर कसा येईल, किंवा वाचलेले दोघांत कसे वाटले जाईल, हे ज्याला सुचेल तो इंजिनियरपेक्षा जास्त डिझेल वाचवील.

आपल्या समुद्रात अजून पवनचक्क्यांची वसाहत उभी राहिलेली नाही. जून २०२४ मध्ये केंद्र सरकारने गुजरात आणि तमिळनाडूच्या किनाऱ्याबाहेर ५००-५०० मेगावॅटसाठी ७,४५३ कोटींची योजना मंजूर केली. त्यातले ६०० कोटी दोन बंदरांच्या सुधारणेसाठी. बंदरांचा विचार झाला हे चांगले झाले. बोटींचा कोणी केला आहे का, हे मी त्या बातम्यांमध्ये शोधत होतो. उत्तर समुद्रातली बोट उचलून खंभातच्या आखातात आणून चालणार नाही. तिथे भरती-ओहोटीत पाण्याची पातळी काही ठिकाणी दहा-दहा मीटरनी चढते-उतरते. म्हणजे सकाळी ज्या पायरीवर माणूस उतरला ती दुपारी डोक्याच्या वर कुठेतरी असणार. आणि आपला पावसाळा! युरोपात हिवाळी वादळे येतात, पण त्यांच्या मध्ये एखादा शांत दिवस सापडतो. अरबी समुद्रात जूनपासून वारा आणि लाट दोन्ही ठाण मांडून बसतात. वीज सर्वांत जास्त त्याच महिन्यांत मिळणार, आणि चक्कीपर्यंत जाणे सर्वांत कठीणही त्याच महिन्यांत. आपल्याकडे लहान स्वस्त बोटींवर भागवायचे की पहिल्या दिवसापासून पुलाचे जहाज घ्यायचे, हा निर्णय निविदेच्या आधी व्हायला हवा. नंतर तो कंत्राटदार घेतो, आणि तो स्वस्तातला गीझरच घेतो.

परवा रत्नागिरीहून फोन आला. त्या नाखव्याचा नातू. खाते थकले तरी त्या घराशी माझे येणे-जाणे राहिले, हे त्या माणसांचे मोठेपण. नातू आता मुंबई हायला सामान पोचवणाऱ्या बोटीवर आहे. मी ग्रिम्स्बीचे सांगत होतो आणि तो मधूनमधून इंजिन किती, माणसे किती, भत्ता किती, असे नेमके प्रश्न विचारत होता. गुजरातेत निघाल्या तर अशा बोटींवर आपल्या पोरांना काम मिळेल ना, म्हणाला. मिळायला हरकत नाही, असे मी म्हटले. मग जरा थांबून त्याने विचारले, ‘‘पण काका, आषाढात शिडीला बोट लावणार कोण?’’ मी त्याला पुलाच्या जहाजाचे सांगितले. तो म्हणाला, ते भाड्याने किती वर्षांसाठी घेणार आहेत ते आधी विचारा.